पाइपावरची पिवळी चिंधी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही. देवालासुद्धा नीट नाही — त्याच्यापुढे हात जोडले की मी चटकन दुसराच विषय काढतो. गेल्या रविवारी एका माणसाला सांगितलं. तुम्ही दुसरे.

पण आधी माझी बढाई ऐकून घ्या. ऐकावीच लागेल, इलाज नाही. बढाई आणि पाप एकाच सकाळी, एकाच तासात घडलंय, आणि मला ते अजून वेगळं काढता आलेलं नाही.

मी दत्ता. बिबवेवाडीत माझं गॅरेज आहे. वडिलांच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, उरलेल्या तीन गुंठ्यांवर मी पत्र्याची शेड ठोकली. आज स्वारगेटपासून इकडे कुठल्याही गॅरेजात विचारा — जुनी गाडी आहे, बाबाआदमच्या जमान्यातली, कुणाकडे नेऊ? माझंच नाव सांगतील. सांगायलाच पाहिजे! कारण त्या काकूंची गाडी मी उठवली होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या बापाला उठली नसती.

काकू प्रभात रोडच्या. गाडी त्यांच्या यजमानांनी हौसेने घेतलेली — साठच्या दशकातली अमेरिकन, आठ सिलिंडरची, लांबीला एवढी की माझ्या शेडचं दार लागेना. यजमान गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली, ती बारा वर्षं. मी पाहायला गेलो तेव्हा काकू दारातच म्हणाल्या, ‘‘आतापर्यंत पाच जणांनी बघून मान हलवलीय. तुम्हीही हलवणार असाल तर आत्ताच हलवा, म्हणजे मी चहा टाकत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘चहा टाका. दिवाळीच्या पाडव्याला गाडी दारात उभी करतो.’’

बोलून बसलो. आता इंजिन उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि इंजिन उतरवायचं तर आधी एसी उतरवायला हवा होता, कारण त्या गाडीत कंपनीतूनच एसी बसवून आलेला. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाला चिकटलेला, जाळी रेडिएटरच्या पुढे, आणि या सगळ्यांतून फिरणारे पाइप गॅसने भरलेले. गॅस दाबाखाली असतो. तो आधी सावकाश काढून टाकायचा, मगच पाइपाच्या नटाला पाना लावायचा. घाई केलीत तर तो असा उसळतो की हात जातो, डोळा जातो.

हे काम युनूसचं. युनूस म्हणजे माझा शाळेतला जोडीदार, एकाच बाकावरचा. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजांत एसीचं काम तोच करायचा, आणि त्याची एक पद्धत होती. गॅस पूर्ण निघाला, स्वतःची खात्री पटली, की तो खांद्यावरचं पिवळं फडकं फाडून पाइपाला एक चिंधी बांधायचा. दोन फेरे आणि वर गाठ. चिंधी असली की पाइप मोकळा. नसली की कुणी हात लावायचा नाही. कागद नाही, सही नाही — ती चिंधीच त्याचा शब्द होती. आणि पंचवीस वर्षांत तो शब्द एकदाही खाली पडला नव्हता.

नवरात्र चालू होतं. त्या वर्षी रोजेही तेव्हाच सुरू झाले होते. पहिल्या रोजाच्या संध्याकाळी युनूस आला, मीटर लावला, काटा शून्यावर. मी म्हटलं, झालं की! तो नाही म्हणाला. ‘‘काटा शून्य दाखवतोय, पण मला पटत नाही, दत्ता. झडप अडकलीय, आत गॅस असणार. तिला चौकोनी तोंडाचा पाना लागतो, तो नाना पेठेतून सकाळी घेऊन येतो. तोवर चिंधी नाही.’’ शेडमध्ये आम्ही दोघंच होतो. रोजा सोडायला त्याला घरी पोचायचं होतं. फडकं गाडीच्या मडगार्डवर विसरून तो गेला.

आता माझा शहाणपणा ऐका. माझ्या हातून एवढं मोठं इंजिन पहिल्यांदाच निघणार, म्हणून मी मुहूर्त काढून आणला होता! सकाळी अकराच्या आत. नारळ, पेढे, हार. आणि रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना आवतण — या, बघा, दत्ता काय करतो ते. हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेला होतं, पण ते मी दिलं नाही. ते पुढे येईल.

दहा वाजले. माणसं जमली, काकूही रिक्षाने आल्या. युनूसचा पत्ता नाही. फोन लावला, उचलेना. सव्वादहा. साडेदहा. कुणीतरी म्हणालं, ‘‘काय दत्तोबा, इंजिन स्वतःच्या पायांनी उतरणार आहे का?’’ सगळे हसले. काकूंनी नुसतं घड्याळ पाहिलं. पण ते मला जास्त लागलं.

माझा जुना फिटर गणपत चेन लावून तयार होता. मी म्हटलं, पाइप खोल. तो वाकला, सरळ झाला आणि एवढ्या लोकांत म्हणाला, ‘‘मालक, चिंधी नाय दिसत.’’

मी काय करायला हवं होतं? ‘युनूस यायचाय, थांबा’ — तीन शब्द. तुम्ही म्हणाल, मुहूर्त टळला असता. टळू दे की! दुसरा मिळाला असता, पंचांगात काय मुहूर्तांचा दुष्काळ पडलाय? मला ते त्या वेळीही कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मी म्हणालो, ‘‘दिसत नाही म्हणजे? चष्मा लाव. जा, आधी नारळ आण.’’ तो गेला. मी बॉनेटखाली वाकलो. मडगार्डवर युनूसचं फडकं होतं. दातांनी पट्टी फाडली आणि पाइपाला बांधली. दोन फेरे, वर गाठ. ती गाठ मला येत होती — इतकी वर्षं बघत होतो. मग सरळ झालो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘ही काय. युनूस कालच बांधून गेलाय.’’

नट सोडायला मात्र मी स्वतः गेलो. एवढी तरी लाज होती म्हणा. की घमेंड? — घमेंडच असणार.

पाना अर्धा वळला आणि फस्सकन गॅस सुटला. बर्फापेक्षा गार, आणि लागतो मात्र विस्तवासारखा. उजवा हात मनगटापर्यंत पांढराफटक पडला. डोळे वाचले ते केवळ मान वळली म्हणून. आरडाओरडा, पाणी आणा, डॉक्टरकडे न्या. आणि मी काय म्हणालो असेन? ‘‘अकरा वाजायचेत. चेन ओढा!’’

ओढली. देवाशप्पथ सांगतो, तसा क्षण माझ्या आयुष्यात दुसरा आलेला नाही. हाताला ओलं फडकं गुंडाळलंय, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, आणि ते प्रचंड काळं इंजिन इंच इंच वर येतंय. अकराला पाच कमी असताना ते गाडीबाहेर लोंबत होतं. टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, ‘‘जमलं हो तुम्हाला.’’ प्रभात रोडवर याहून मोठं कौतुक नसतं. मी छाती फुगवून उभा होतो. आजही आठवलं की छाती फुगते — काय करू? लाज वाटून ती बसत नाही.

सव्वाअकराला युनूस आला. हातात चौकोनी पाना. माझा हात पाहिला, पाइप पाहिला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘ही मी बांधलेली नाही,’’ तो म्हणाला. दोन-तीनदा म्हणाला, मोठ्याने म्हणाला. वीस माणसं उभी होती. फडकं त्याचं, गाठ त्याची, आणि भाजलेला हात माझा. मागून कुणीतरी बोललं, ‘‘चोराच्या उलट्या बोंबा.’’

युनूसने माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांकडे नाही, माझ्याकडेच. मी सांगेन म्हणून वाट पाहत होता तो. आणि मी म्हणालो, ‘‘जाऊ दे, युनूस. रोजा आहे तुझा, होतं असं.’’

पाडव्याला गाडी काकूंच्या दारात उभी होती. फोड आलेल्या हाताने मी ती चालवत नेली, हार घातलेली, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. काकूंना घेऊन कात्रजचा घाट चढलो. वर जाईपर्यंत काकूंनी शाल मागितली, एवढा गार एसी! तो युनूसनेच परत बसवला होता. एकेक नट तीन-तीनदा तपासत होता. एरवी त्याला एकदाही लागत नसे.

ही अजून कबुली नाही बरं का. खोटं बोलणारे पुष्कळ असतात. खरं ते पुढेच आहे.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. ईदेला युनूस शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला. बसला. माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. आणि म्हणाला, ‘‘खूप आठवून पाहिलं, दत्ता. मला आठवतच नाही बांधलेली. पण बांधलीच असणार. पहिला रोजा होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि तू कशाला खोटं बोलशील?’’ मग म्हणाला, ‘‘माफ कर.’’

मी त्याला माफ केलं.

वाचलंत ना? मी — त्याला — माफ केलं! पाठीवर हात ठेवून, मोठ्या मनाने. वर शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला. आणि दर ईदेला तो यायचा, दर ईदेला हात बघायचा, आणि मी दर वेळी म्हणायचो, ‘‘अरे, विसर आता ते.’’ माझं नाव पसरत गेलं तसा रस्त्यावर त्याच्या नावाचा वाक्प्रचार झाला. कुणावर भरवसा ठेवायचा नसला की म्हणायचे, ‘ही युनूसची चिंधी आहे, दोनदा बघा.’ वर्षभरात त्याने काम सोडलं. कुणी काढून टाकलं नाही. त्याचाच स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता. येरवड्याला मेव्हण्याच्या दुकानात पडद्यांचं कापड मोजायला लागला. माझ्या पाहण्यातला सगळ्यात पक्का हात होता तो — आणि तो मीटरपट्टीला लागला. मी, माझ्या एका टाळीसाठी, लावला.

गेल्या महिन्यात तीच गाडी परत आली. काकू आता नाहीत, त्यांच्या भाच्याने आणली. परत इंजिन काढायचं, म्हणजे परत आधी एसी. रविवारी मी येरवड्याला युनूसच्या घरी गेलो. त्याला म्हटलं, चल, हे काम तुझ्याशिवाय होणार नाही.

त्याने दोन्ही हात पुढे केले. ‘‘नको रे. या हातांचा भरवसा नाही. एकदा तुझा हात घालवला ना मी.’’

मग सांगितलं. कसं सांगितलं विचारू नका, चार वाक्यांत सांगितलं. चिंधी मी बांधली. तुझं फडकं, तुझी गाठ, पण बांधली मी. तू नाही म्हणाला होतास. तू बरोबर होतास.

मला वाटलं, तो मारेल. मारायला हवं होतं. रडेल असंही वाटलं. तो उठला. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात — ताडकन उठला. ‘‘नव्हती ना बांधली? मी नव्हतीच बांधली ना?’’ मी मान डोलावली. त्याने आत हाक मारली, बायकोला ओढतच बाहेर आणलं, म्हणाला, ‘‘ऐक, ऐक, हा काय सांगतोय! मला बरोबर आठवत होतं!’’ चेहरा असा उजळलेला की मी त्याला ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं — शाळेतला युनूस होता तो. त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला.

‘‘सगळ्यांना सांगशील?’’ तो म्हणाला.

‘‘सांगेन. लिहून देतो. नावानिशी.’’

त्याने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तो गॅलरीत गेला होता. समोरच्या गॅलरीत शेजारचे शिंदे कपडे वाळत घालत होते. ‘‘अहो शिंदे!’’ युनूस ओरडला. ‘‘माझा हात चुकला नव्हता बरं का! कधीच चुकला नव्हता!’’ शिंद्यांना काय कळणार कशाबद्दल ते? तरी ते भले गृहस्थ, हातातली चादर हलवत म्हणाले, ‘‘वा, वा!’’

मी उठलो. बस म्हणायला कुणी नव्हतं. जिना उतरून खाली आलो तेव्हा तो वरच्या मजल्यावरच्यांना सांगत होता.