बोलीवर घेतलेलं कार्ड

फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्या नवऱ्याचं डोकं चालायचं बंद होतं. एरवी माणूस हुशार. बीदरला कोळारच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, कुठल्या फळीवर काय आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. पण टूथपेस्टीवर ब्रश फुकट म्हणून त्याने इतक्या टूथपेस्टी आणल्या की घरात माणसांच्या दातांपेक्षा ब्रश जास्त झाले. मी बोलायची ते बोलले, उपयोग शून्य.

तर हाच माणूस एका शनिवारी संध्याकाळी गुळगुळीत कागदाची घडी नाचवत आला. क्रेडिट कार्ड. त्या दिवसांत बीदरसारख्या गावातसुद्धा टाय लावलेली पोरं कारखान्यांच्या फाटकावर उभी राहून कार्डं विकू लागली होती.

"फी न्हाई," नवरा म्हणाला. "वरसाची न्हाई, जन्माची न्हाई. वर जेवढा खर्च करू तेवढे पॉइंट. पॉइंटावर वस्तू."

मी कागद उघडला. आत वस्तूंची चित्रं होती. काचेचा डिनर सेट, इस्त्री, चाकांची बॅग, केस वाळवायचं यंत्र. मी एकदा यंत्राकडे बघितलं, एकदा नवऱ्याच्या टकलाकडे, आणि भाकरी थापायला निघून गेले.

हे सगळं चाललं होतं तेव्हा अप्पा, म्हणजे माझे सासरे, व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. दारामागे त्यांचं घोंगडं गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं. घोंगडं खिळ्यावर असलं की अप्पा राहणार, बांधून दाराशी आलं की अप्पा जाणार, हे आमच्या घरात न सांगता कळायचं. दिवाळी झाली की ते आपल्या गावी, खटकचिंचोळीला जाणार होते.

आमच्या सासरची मंडळी मूळची मेंढरंवाली. अप्पांनी सगळा जन्म मेंढरांमागे काढला, आणि त्यांची पारख अशी की भालकीच्या बाजारात कुणी जनावर घ्यायला निघालं की आधी अप्पांना हाक मारायचं. सासूबाई गेल्या, गुडघे दुखायला लागले, तशी मेंढरं विकली आणि मुलाकडे आले. गावात आता घराला कुलूप होतं. गेल्या उन्हाळ्यात चार दिवस म्हणून गेले तर अंगणात चक्कर येऊन पडले. शेजारच्या अक्का ताक द्यायला आल्या म्हणून दिसले, नाहीतर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही. आणि हा म्हातारा परत तिथेच निघाला होता. का म्हणून विचारलं तर एकच उत्तर.

"हितं मला कोण काय इचारतंय? ऊन आलं की खुर्ची सरकवायची. एवढंच काम हाय मला."

मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. सून असं म्हणाली की लोक संशयाने बघतात, बघू द्या. मी गुलबर्ग्यासारख्या शहरात वाढलेली, लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी कडेला तडकायची. जाऊबाई, नणंद, आत्या, सगळ्यांनी नावं ठेवली. अप्पा एकटे ती तडकलेली भाकरी खायचे, आणि दुसरी मागायचे. अशा माणसाला मी रिकाम्या घरात मरायला सोडायची? पण माझ्या म्हणण्याला तिथे किंमत नव्हती. रहा म्हटलं की ते नुसते हसायचे.

दुसऱ्या दिवशी रविवारी तो टायवाला पोरगा फॉर्म घेऊन घरीच आला. घामाने निथळत होता, पण टाय सैल करायला तयार नव्हता. नवरा पेनाचं टोपण काढून बसला. माझं डोकं फिरलं आणि केवळ नवऱ्याला अडवायचं म्हणून मी बोलून गेले, "अप्पांना विचारा की एकदा. पारख आहे त्यांना."

व्हरांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अप्पा स्वतःची खुर्ची उचलून आत आले आणि त्या पोराच्या बरोबर समोर मांडून बसले.

"फुकट कामून देतो?" त्यांनी विचारलं.

"ऑफर है, अंकल," पोरगा म्हणाला.

"दुभती म्हैस कुणी फुकट देतंय का? एक तर आटलेली असंल, न्हाईतर मारकी." मग पुढे वाकून म्हणाले, "कितवं वेत?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की जनावर कितव्यांदा व्यालं आहे ते विचारायची पद्धत असते, कार्डाच्या बाबतीत म्हणजे, आधी कुणी वापरलेलं आहे का. पोरगा खूश झाला. म्हणाला, "नहीं नहीं, एकदम नया. आपका नाम छपके आएगा."

"म्हंजे पहिलारू हाय," अप्पा गंभीर झाले. "अजून कुणी बघितलंच न्हाई."

नवरा कपाळाला हात लावून बसला होता. पण खरी गंमत पुढे झाली. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पोराचा उजवा हात धरला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितके शेकडे. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही, आणि दोघांचं काम होऊन जातं. फुकट आणलेलं जनावर दाराला लाभत नाही असं अप्पांचं म्हणणं, म्हणून काहीतरी द्यायचंच, या हिशेबाने त्यांनी पोराची दोन बोटं धरली.

पोराला वाटलं, म्हातारबाबा माया करतायत. त्याने अप्पांचा अख्खा पंजा आपल्या हातात घेतला आणि प्रेमाने गदागदा हलवला.

अप्पांनी झटकन टॉवेल ओढला.

"फुकट म्हणत हुता, मी दोनशे म्हटलं तर आता पाचशे म्हणायलाय. ह्याला धंदा येईना. नगं हे कार्ड."

पोरगा कोरा फॉर्म घेऊन गेला. नवरा जेवणापर्यंत माझ्याशी बोलला नाही. अप्पा मात्र त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवले, आणि सकाळी बघते तर घोंगडं दाराशी नव्हतं. खिळ्यावर होतं.

मी काही मंद नाही. कालपर्यंत त्या कार्डाला नावं ठेवणारी मी, नवऱ्याला म्हणाले, "कार्ड घ्यायलाच पाहिजे हो. पण नीट बघून घ्यायचं. चार ठिकाणची बघू." तो संशयाने माझ्याकडे बघत राहिला. मी शाळेत शिक्षिका, तिथल्या सगळ्या मास्तरांना सांगून ठेवलं की कार्डवाले आले की आमच्या घरी पाठवा.

मग काय, आमच्या घरी बाजार भरायला लागला. एकाचं कार्ड अप्पांनी नाकारलं कारण त्याला चहा नको होता, आणि विकणारा चहा नको म्हणाला की घाईत असतो. एकाचं नाकारलं कारण तो फार गोड बोलला. एका पोराने खरोखर सगळं समजावून सांगितलं, तारखा, व्याज, पॉइंट, मला वाटलं आता हे पसंत पडतंय, तर अप्पा म्हणाले, "पोरगं गुणी हाय, पण कार्डाचा रंग बरा न्हाई." निळ्या रंगाने अप्पांचं काय वाकडं केलं होतं ते देव जाणे.

चौकशी तर विचारूच नका. वसाहतीत ज्याच्या घरी कार्ड आहे असं कळेल त्याच्या दारात काठी टेकत जायचे. समोरच्या सुपरवायझरला जनावराबद्दल विचारावं तसं विचारलं, "वळणावर हाय का? पोराच्या हाती लागलं तर काय करतंय?" पेट्रोल पंपावर जाऊन एक दुपार बसले आणि येऊन सांगितलं की कार्डवाला माणूस यंत्राला लाईन मिळायची वाट बघत उभा असतो, तवर रोकडवाला घरी पोचून जेवायला बसलेला असतो. रोजच्या खर्चाला कार्ड, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. आमचा रोजचा खर्च म्हणजे दूध, भाजी आणि किराणा. दूधवाल्याकडे मशीन नव्हतं, भाजीवालीकडे नव्हतं, आणि किराणावाल्या चाचांना अप्पांनी विचारलं तर ते म्हणाले, "मशीन कायकू? तुमकू नै पैचानते क्या हम?"

नवऱ्याने यावरही उपाय काढला. गुलबर्ग्यात मोठं दुकान निघालं होतं, तिथे कार्ड चालायचं. महिन्यातून एकदा बसने गुलबर्ग्याला जायचं, डाळ-तांदूळ तिथून भरायचे, पॉइंट घ्यायचे.

"गावाकडं वाट्याने दिलेल्या आपल्या शेतातली तुरीची डाळ पोत्यात पडली आहे," मी म्हटलं. "ती उंदरांना ठेवायची आणि बसचं भाडं भरून पाकिटातली आणायची?"

"पॉइंट न्हाई मिळत आपल्या डाळीवर," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला हो.

असं करत दिवाळी गेली. मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस आली, गेली. वसाहतीतली माणसं आता अप्पांना वाटेत थांबवून विचारायला लागली होती, हप्त्यावर टीव्ही घेऊ का, ही स्कूटर घेऊ का ती. अप्पा स्कूटरीभोवती एक फेरी मारायचे, टायर दाबून बघायचे आणि "बघू" म्हणायचे. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी असायची. मला बरं वाटायचं. त्या मधल्या दिवसांत मी नवऱ्यावर एकदाही ओरडले नाही, यावरून ओळखा.

आणि एका संध्याकाळी या शहाण्याने जेवताना खिशातून पाकीट काढलं आणि अप्पांच्या तळहातावर कार्ड ठेवलं. गपचूप कारखान्यात बसून फॉर्म भरलेला. कार्ड कारखान्याच्या पत्त्यावर आलेलं.

"घ्या अप्पा. आलं. आता कायबी बघायचं राह्यलं न्हाई," म्हणाला, आणि हसला वर.

अप्पांनी कार्ड उलटसुलट केलं. उठावाच्या अक्षरांवरून नख फिरवलं. जरासं वाकवून बघितलं.

"बरं हाय," म्हणाले, आणि ताटावरून उठले.

सकाळी घोंगडं बांधून दाराशी होतं. अप्पा अंघोळ करून, टोपी घालून, भालकीच्या बसची वेळ विचारत होते.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि जे काही तोंडात आलं ते बोलले. माणूस घरात रहावा म्हणून मी महिनोन्‌महिने टायवाल्यांना चहा पाजला, पोहे खायला घातले, आणि तुम्ही एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी बापाला बसमध्ये घालता? तिथे परत पडले तर ताक घेऊन कुणी येणार आहे का? बोलता बोलता मला रडू आलं, त्याचाही राग आला.

नवरा पांढरा पडला. "मला काय म्हाईत," म्हणाला, "कार्डासाठी राह्यलेत म्हणून?"

मग बाहेर गेला. अप्पांनी घोंगडं खांद्यावर घेतलं होतं.

"अप्पा," तो म्हणाला, "बोली काय ठरली आपली?"

अप्पा थांबले. जनावर एकदम घेऊन टाकत नाहीत, बोलीवर घेतात. इतके दिवस घरी बांधून बघायचं. लाथ मारली, दूध चोरलं, तर परत. आणि ज्याने बाजारात बरं आहे म्हणून सांगितलं, त्याने बोलीची मुदत संपेपर्यंत घेणाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर रहायचं. मध्येच निघून गेला तर परत त्याला कुणी विचारत नाही. हे त्यांनीच आम्हांला शंभर वेळा सांगितलेलं.

"कसली बोली?" अप्पा म्हणाले. "कार्ड तू घेतलंस."

"पर बरं हाय म्हणून तुमी म्हणालाव. ही बी ऐकायलती." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "उद्या फी लागली तर मी कुणाला हाक मारू?"

अप्पा उंबऱ्यात घोंगड्याची सुतळी चाचपत राहिले. कार्डाचं नशीब काय असेल ते असो, मी मात्र तेव्हा देवाला नारळ बोलून बसले.

"मुदत किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"वरीसभर."

अप्पांनी घोंगडं खांद्यावरून उतरवलं, सुतळी सोडली आणि ते खिळ्याला अडकवून टाकलं. त्या दिवशी मी नवऱ्याला सगळे ब्रश माफ केले.

वर्ष गेलं. पेट्रोल आणि दोन साड्या सोडल्या तर त्या कार्डाने आमच्या घरात काही आणलं नाही. पॉइंट मोजून बघितले तर डिनर सेट नाही, इस्त्री नाही, त्या गुळगुळीत कागदावरच्या सगळ्यात खालच्या ओळीतली किल्ल्या अडकवायची साखळी तेवढी बसत होती. ती पोस्टाने आली. अप्पांनी गावच्या घराची किल्ली कंबरेच्या करगोट्यातून सोडली, त्या साखळीत घातली आणि घोंगड्याच्या खिळ्यावरच टांगली.

मग बँकेचा वर्षाचा कागद आला. जेवायला बसलो होतो. नवऱ्याने पाकीट फाडलं, वाचलं, आणि आनंदाने त्याला काय बोलतोय याचं भानच राहिलं नाही.

"अप्पा, वरीस झालं. फी शून्य. एक पैसा घेतला न्हाई. लय गुणाचं निघालं कार्ड."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा घास हातातच राहिला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. मुदत संपली होती. माझी नजर आपोआप खिळ्याकडे गेली, घोंगड्याकडे आणि किल्लीकडे.

अप्पा खाली बघून शांतपणे चावत होते. घास गिळला, पाणी प्याले.

"पहिल्या वेताला समदीच जनावरं गरीब असत्यात," म्हणाले. "खरं कळतंय ते दुसऱ्या वेताला. बघू."

आणि ताट पुढे सरकवलं. मी टोपलीतून कडेला तडकलेली भाकरी शोधून काढली आणि त्यांना वाढली.