ताडपत्रीखालचा पंप

हे गेले त्यानंतर वर्षभर यांची होडी आमच्या बसवनगुडीच्या घराच्या आवारात ट्रेलरवरच उभी होती. शहराबाहेरच्या तलावात यांनी ती पुष्कळ वर्षं चालवली आणि तिची प्रत्येक दुरुस्ती स्वतःच केली. यंदा ती आपण पाण्यात उतरवायची, असं मी ठरवलं. त्यासाठी वायरिंग बदलणं भाग होतं. वायरींचं वेष्टण कडक होऊन तडकलं होतं, आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर होती.

मी पुस्तकांत वावरलेली बाई. व्होल्ट मोजायचा मीटर कसा धरायचा तेही पुस्तकातच वाचलं. आधी बॅटरी काढून व्हरांड्यात आणून ठेवली.

त्याच संध्याकाळी होडीच्या तळातला पंप चालू झाला. तळात पाणी साचलं की तो आपोआप सुरू होतो आणि ते बाहेर टाकतो. बारीक घुरघुर, मग बाजूच्या भोकातून पाण्याची धार, मग पुन्हा शांतता. खालची फरशी ओली झाली.

यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, आमच्याकडेच राहतात. त्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो आहे."

"अक्का, बॅटरी तर इथं तुमच्या शेजारी आहे."

"मग मला काय विचारतेस? त्यालाच विचार."

त्या आठवड्यात रोज पावसाची सर येऊन जायची आणि रोज पंप चालायचा. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसायची, पान उलटलं जायचं नाही. आवाज थांबला की घर आधीपेक्षा रिकामं वाटायचं.

शेवटी एका दुपारी होडीवरच्या ताडपत्रीखालून आत शिरले. रबराचा आणि ओल्या दोराचा वास होता. पंपाच्या वायरीला मीटरची टोकं लावली. बॅटरी नसलेल्या होडीत मीटर बारा व्होल्ट दाखवत होता. वायर बोटांत धरून मी अंधारात सरकत गेले, फळीमागून, पार पुढच्या टोकापर्यंत. तिथं एक लहान बॅटरी पट्ट्यानं आवळून ठेवलेली होती. तिच्यातून एक वायर वर, होडीच्या छतावर चिकटवलेल्या सोलर प्लेटकडे गेली होती. हे काम यांचंच. मला कधी सांगितलं नव्हतं.

जीव भांड्यात पडला. पण ताडपत्री तर मीच सगळीकडून ओढून बांधली होती. प्लेटला ऊन मिळणार कुठून?

बाहेर येऊन पाहिलं तर प्लेटवरच्या तेवढ्याच कोपऱ्यात ताडपत्री मागं दुमडून तिच्यावर वीट ठेवलेली.

"अक्का, हे कुणी केलं?"

"मी. रोज सकाळी करते. आत नुसता काळोख. त्याला स्वल्प ऊन नको का?"

"वर प्लेट आहे, ठाऊक होतं तुम्हाला?"

"कसली प्लेट गं?"

"मग नेमका हाच कोपरा का?"

"इथंच टेकून बसायचा ना तो."

मी त्यांना सगळं समजावलं. ऊन त्या कोपऱ्यातूनच येत होतं, पाऊसही तिथूनच. जुन्या वायरीत ठिणगी पडली तर पेट्रोल पेटेल. बॅटरी सोडवायला हवी. मला वाटलं, अक्का अडवतील.

त्यांनी होडीच्या कडेवर हात टेकला. "काढ," म्हणाल्या. "एकट्यानं किती दिवस पाणी उपसायचं त्यानं?"

मी पुन्हा आत गेले. पाना नटावर बसवला आणि माझाच हात वळेना. यांनी सुरू ठेवलेलं असं आता एवढंच उरलं होतं. ते बंद केल्यावर संध्याकाळी मी कान कशाकडे लावणार होते?

"झालं का?" अक्कांनी बाहेरून विचारलं.

"नाही."

"बरं. मी आहे इथं."

ताडपत्रीवर त्यांच्या तळहाताची सावली दिसली. मी जोर लावला. नट सुटला. पट्टा सोडवून बॅटरी मांडीवर घेतली. त्या कोनाड्यात ऊन पोचत नव्हतं आणि सकाळपासून पंपही चालला नव्हता. तरी ती कोमट होती.