आत गेलेलं सिलिकॉन

गाडीच्या इंजिनाखालचा ऑइल चेंबर मीच घरी बसवला होता. गळू नये म्हणून काळं सिलिकॉन असं पिळलं, की एखादं धरणसुद्धा गळायचं थांबलं असतं. आता तेल ओढणाऱ्या जाळीत त्याच्याच शेवया अडकलेल्या होत्या.

"दादा, बारीक रेघ पुरते," सलीम मिस्त्री म्हणाला. "बाहेर आलेलं पुसता येतं. आत गेलेलं तुटून तेल अडवतं."

तेल अडलं, इंजिन घाटात जाम झालं, आणि मरणाला टेकलेल्या भावापर्यंत मी पोचलो नाही. भांडणात त्यालाही मी असंच भरमसाट बोललो होतो. त्यातलं आत किती गेलं, तेच विचारायला निघालो होतो.

सलीम चिमट्यानं एकेक शेवई काढत होता.

"सावकाश काढ," मी म्हणालो. "आता कुठं जायचं नाही."