मी बसलो तो दगड

"धुवून काढ तो दगड. तू बसला होता न त्याच्यावर."

जंगलखात्याच्या हापिसातल्या बाबूनं सगळ्यांसमोर म्हटलं अन् बादली माह्या हातात दिली. अमरावतीहून आलेले साहेबाचे पाहुणे, बायकापोरं, सगळे थांबून पाहून राहिले होते. एका बाईनं दगडावर सतरंजी टाकली होती. बाबू तिच्याजवळ काहीतरी पुटपुटला अन् तिनं ती झटक्यानं उचलून घेतली.

सेमाडोहच्या जंगलात मी तवा रोजंदारीवर चौकीदार होतो. मले कायम करायचा कागद बाबूच्या टेबलावर पडून होता. बायको पोटुशी. नोकरी गेली तर परत गावात, पाटलाच्या वावरात. त्या भेवानं बाबू म्हणे ते मी करत जाओ.

आदल्या दिवशी त्यानं चिठ्ठी दिली. सिपना नदीच्या काठची सावलीची जागा पाहुण्यांच्या वनभोजनासाठी धरून ठेव. "राखीव जागेवर कायम होणार न तू? मंग राख जागा!" अन् फिदीफिदी हसला. मीबी हसलो. सांगाले लाज वाटते, पण हसलो.

फटफटलं तसा जाऊन त्या सपाट दगडावर बसलो. एकटा. वर बांबूत काहीतरी कडाकडा मोडत होतं. अस्वल असन, दुसरं काय? भेव वाटलं, पण हाललो नाई. एक मास्तर शाळेची पोरं घेऊन आले. त्यायले चिठ्ठी दाखवली अन् खालच्या वळणाले पाठवलं. दुपारी जीप आली तवा कुठं उठलो.

अन् आता ही बादली.

मी घेतली. खरं सांगतो, नदीत बुडवून भरलीबी. पाय लटलट कापत होते. अस्वलाचं भेव याच्यापुढे काहीच नव्हतं. दगडापाशी आलो अन् बाप आठवला. धम्मदीक्षा घेऊन आला त्या दिवशी त्यानं महारकीची ती येसकराची काठी मोडून चुलीत घातली होती. जागा धराले मी चालतो, अन् मी धरलेली जागा बाटते? वा रे वा!

बादली खाली ठेवली.

"मी धुवत नाई, बाबूजी."

"कागद माह्याजवळ हाये. ध्यानात ठेव."

"फाडा."

आवाज चिरकला माहा. बाबू दुसऱ्या कोणाकडून धुवून घेईल म्हणून मी त्याच दगडावर परत जाऊन बसलो. बाबू आईबहिणीवर आला. पाहुण्यांनी डबे उचलले, जीप निंघून गेली. अंधार पडेपर्यंत मी उठलो नाई.

सोमवारी मले काढलं. बायको रडली. मीबी रडलो.

भेव गेलं नाई. अजूनबी कोणत्याबी हापिसाची पायरी चढताना पाय कापतात. कापू दे. कापत कापत बसीन. पण मी बसलो ती जागा मी धुणार नाई, अन् कोणाले धुवू देणार नाई.