हुक्क्याचा कोळसा आणि लेकीचं लग्न

माझ्या लेकीने हरियाणातला मुलगा पसंत केला. दोघं वाघोलीच्या कॉलेजात एकत्र शिकलेली. सगळ्यांचा होकार आला होता, राहिला होता फक्त मुलाच्या आजोबांचा. आणि त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते आमच्या सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर येणार होते. मुलाचा फोन आला, "आई, हुक्का, तंबाखू ते स्वतःचं आणतात. निखारे तेवढे चांगले हवेत. निखारा बिघडला की ते सरळ उठून जातात."

"म्हणजे लग्न कोळशावर अडलंय म्हण की!" मी म्हटलं. तो हसला नाही, तेव्हा माझंही हसू गेलं.

पण तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय मी. कोळसा मला कोणी शिकवू नये. लेकीने मोबाइलवर हुक्क्याच्या कोळशाचं एक चकचकीत खोकं दाखवलं. किंमत बघून मी ते जागीच नापास केलं. महागाचं घ्यायला अक्कल लागत नाही.

पूजेच्या दुकानातून धूप जाळायच्या कोळशाच्या गोल वड्या आणल्या. स्वस्त, झटकन पेटणाऱ्या. गॅलरीत एक पेटवून पाहिली, तर तडतड आणि फुलबाजीचा वास! लवकर पेटावं म्हणून त्यात सोरा, म्हणजे फटाक्यांच्या दारूतला क्षार, घालतात. हे मीच पोरांना शिकवायचे. स्वतःचीच अशी चीड आली म्हणून सांगू! मग इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा आणला. त्याची ठिणगी उडून माझ्या साडीला भोक पडलं. आजोबांच्या धोतरावर उडाली असती, तर झालंच होतं लग्न.

शेवटी खडकीला हॉटेलांना कोळसा पुरवणारी एक वखार शोधली. तिथे करवंटीच्या कोळशाच्या चौकोनी वड्या होत्या. वखारवाला म्हणाला, "बाई, फुटका माल निम्म्यात देतो. हॉटेलवाले घेत नाहीत." दोन तुकडे एकमेकांवर आपटले, टणटणीत वाजले. एक पेटवायला लावला. वास नाही, ठिणगी नाही, राख पांढुरकी. जळायचंच आहे, मग फुटका काय नि अख्खा काय! घेतला.

नातवाला घेऊन आजोबा आले. उंचेपुरे, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं शून्य. मी त्यांना गॅलरीत हवेशीर बसवलं. गॅसवर तुकडे पार लाल होईपर्यंत तापवले आणि चिमट्याने त्यांच्या हुक्क्याच्या चिलमीवर ठेवले. त्यांनी डोळे मिटून झुरका घेतला. मग दुसरा. समोरच्या इमारतीतले लोक कामं सोडून बघत होते. बघा म्हटलं!

अर्धा तास ते नुसता हुक्का ओढत राहिले. लेक दारात ओढणीचं टोक पिळत उभी होती. तिच्याकडे बघून मनात आलं, खोकंच घ्यायला हवं होतं का? चार पैसे वाचवायला गेले आणि पोरीचं सुख घालवलं का?

"कोयला किसने चुना?" आजोबांनी विचारलं.

"मैंने," मी म्हटलं. वर्गात उभी राहायचे तशीच ताठ उभी राहिले.

त्यांनी हुक्क्याची नळी माझ्याकडे वळवली. मला काही कळेना. मागून मुलगा हळूच म्हणाला, "आई, घ्या. आजोबा नळी फक्त घरच्या माणसाला देतात."

जन्मात विडीलाही हात न लावलेली मी. एक झुरका घेतला आणि असा ठसका लागला की सांगता सोय नाही. लेक धावत पाणी घेऊन आली. ठसका थांबला, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.