सेरकेबायच्या शिकारीतला वाटा

लष्कराच्या चाचणीचा विषारी धूर माळावरून गेला. दुसऱ्या दिवशी शिकारी सेरकेबायला एक सायगा हरीण मरून पडलेलं दिसलं. तोंडाला फेस होता. कोल्हे खाऊन मरतील, म्हणून ते घोड्यावर घालून तो पुरायला निघाला.

वाटेत शेजारची उल्बोसिन आजी भेटली. "काय रे, माझा वाटा?"

वाटा मागणाऱ्याला शिकाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं.

"आजी, हे विषानं मेलंय."

"चिकटपणाला बरं निमित्त शोधलंस! तुझ्या बापानं कधी असं केलं नाही."

सेरकेबायनं हरीण खोल पुरलं, घरची मेंढी कापली आणि तिची मांडी आजीला नेऊन दिली. पुढं मात्र त्यानं बंदूक उचलली नाही. धावणारं हरीण तरी धड असेल याची खात्री उरली नव्हती, आणि वाटा तर कुणीही मागणार.