दगडातलं झाड

"थांबा बाई, उठंल आता," असं म्हणत काकी पदराचं टोक पाण्यात बुडवायची आणि देव्हाऱ्यातल्या दगडावर फिरवायची. कोरडा असला की तो दगड मळकट बटाट्यासारखा. ओला झाला की झिजलेल्या बाजूला पांढरी-तपकिरी वलयं दिसायची आणि मधोमध हिरवं, बारीक फांद्यांचं झाड वर यायचं. खोटं वाटेल तुम्हाला, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, भूगोलाची मास्तरीण, तोंडात बोट घालून उभी राहिले.

ती आमच्या समोरच्या घरात राहायची. मूळची गव्हाणकडची. विमानतळासाठी गावामागचा डोंगर फोडला, त्याच्याच दगडमातीनं खाडी बुजवली, आणि ही मंडळी पनवेलला इमारतीत आली. सासूनं हाती दिलेला हा कुळाचा देव, डोंगराचं म्हणून एवढंच उरलेलं.

मी शिकवायला गेले. खोडच ती! म्हटलं, "काकी, हा अकीक. लाव्हा थंड होताना आत बुडबुडे राहिले. त्या पोकळीत पाणी झिरपलं, गारगोटीचे थरावर थर बसले. झाड म्हणजे आत शिरलेली खनिजं."

"म्हंजे डोंगराच्या पोटात वाढला ना? मंग मी काय येगलं सांगतंय?" आणि खो खो हसली.

पुढे मुलगे वेगळे झाले. देव कुणी न्यायचा यावरून जुंपली. धाकटा म्हणाला, मशीनवर मधोमध कापू. "वाटन्या जमिनीच्या व्हतात रं, देवाच्या नाय," काकी म्हणाली. पण भावाभावांनी बोलणंच टाकलं, तेव्हा तीच हो म्हणाली.

कापला, पॉलिश केला. दोन्ही तुकड्यांत तेच झाड, आरशात पाहिल्यासारखं. अख्खी बिल्डिंग बघायला लोटली. भटजींनी मात्र हात जोडले. खंडित देवाची पूजा होत नाही, पाण्यात सोडा, म्हणाले.

"दोनी तुकडं आना रं, खाडीत सोडू."

"आये, खाडी हाय कुठं आता?" थोरला म्हणाला. एवढी भारी वस्तू पाण्यात टाकायला धाकटाही तयार नव्हता. दोघांच्या शोकेसमध्ये, दिव्याखाली, ते तुकडे आजही आहेत.

काकीचं जेवण सुटलं. त्या पोरांचा मला असा संताप यायचा, पण मी कोण बोलणारी? "मीच व्हय म्हनलं, बाई. देव मीच मारला," ती म्हणायची.

जाण्याआधी काही महिने ती तांब्या घेऊन दाराबाहेर बसून असायची. ओला पदर पांढऱ्या लादीवर फिरवायची. मी बाजाराला निघाले की मनगट धरायची.

"थांबा बाई, उठंल आता."

मी थांबायचे. लादी वाळून जायची. ती पुन्हा पदर बुडवायची.